पिंजऱ्यातलं झाड

शुगर ग्लायडर पहिल्यांदा पाहणारा माणूस त्याला हमखास खार म्हणतो. दोष त्याचा नाही. राखाडी अंग, कपाळापासून पाठीवरून खाली गेलेली काळी रेघ, डोक्याच्या मानाने भलेमोठे डोळे आणि पुढच्या पायाच्या शेवटच्या बोटापासून मागच्या पायाच्या पहिल्या बोटापर्यंत ताणली जाणारी कातडीची झालर. सह्याद्रीच्या जंगलात रात्री उडणारी खार ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तर ही तिचीच छोटी जात वाटेल. प्रत्यक्षात दोघांचं काही लागत नाही. खार उंदरांच्या गोतातली, ग्लायडर कांगारूंच्या. पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणारा. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाण्याची गरज दोन्हीकडे पडली आणि दोन्हीकडे अंगाला झालर फुटली, एवढंच.

हा फरक परीक्षेतल्या टिपेपुरता राहत नाही. खारीचे आणि सशाचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून पाळीव सशाचे दात कधीकधी कापून द्यावे लागतात. ग्लायडरचे खालचे दोन दात मुळातच लांब आणि पुढे आलेले असतात, झाडाच्या सालीत खाच पाडायला. ते कापले तर पुन्हा वाढत नाहीत. ‘फार वाढलेत’ म्हणून कुणी कात्री लावली, की दाताचा आतला गर उघडा पडतो, पू होतो, जबडा सुजतो, खाणं सुटतं. शंभर ग्रॅमच्या जिवाचं खाणं सुटलं, की डॉक्टरच्या हातात फार वेळ उरत नाही. असे कापलेले दात मी तपासले आहेत. कापणाऱ्याने ते खारीच्या हिशेबाने कापले होते.

मी पशुवैद्य आहे. माझा रोजचा धंदा कुत्र्या-मांजरांचा. पण गेल्या काही वर्षांत दवाखान्याच्या बाकावर गळ्यात फ्लीसची छोटी थैली अडकवून बसलेली माणसं दिसू लागली, आणि त्या थैलीत काय आहे हे आता आमच्या कंपाउंडरलाही विचारावं लागत नाही. हे पाळणारे बहुतेक तरुण. बहुतेकांनी आधी व्हिडिओ पाहिलेला, मग प्राणी आणलेला, आणि मग माहिती शोधायला सुरुवात केलेली. माहिती मिळते ती इंग्रजीत आणि बव्हंशी अमेरिकेतली. खाण्याचे जे डबे ती सुचवते ते आपल्याकडे मिळत नाहीत, तापमान फॅरनहाइटमध्ये, आणि घर असं गृहीत धरलेलं की ज्यात हिवाळ्यात भिंतीतून उष्णता येते आणि छताला पंखा नसतो.

या पुस्तकाच्या लेखिका डॉक्टर नाहीत, पाळणाऱ्या आहेत. हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा मी लाल पेन घेऊनच बसलो होतो. पेन वापरावं लागलं, पण अपेक्षेपेक्षा कमी. कारण त्यांनी प्रश्नाची सुरुवात योग्य जागेवरून केली आहे. ‘याला काय द्यावं’ हे विचारण्याआधी त्या विचारतात, की हा प्राणी जिथला आहे तिथे त्याला काय मिळतं, आणि ते देतं कोण. उत्तर एका शब्दाचं आहे: झाड. खाणं झाडाचं, घर झाडाच्या ढोलीत, सोबत त्या ढोलीतल्या गोतावळ्याची, व्यायाम एका खोडावरून दुसऱ्या खोडावर झेपावण्याचा. ते झाड काढून घेऊन आपण त्याला पिंजऱ्यात आणतो. मग माझ्या टेबलावर जे येतं त्यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टींना मी आजार म्हणायला कचरतो. त्या झाडाच्या अनुपस्थितीच्या खुणा असतात. हे पुस्तक म्हणजे ते झाड फ्लॅटमधल्या लोखंडी जाळीत तुकड्या-तुकड्याने पुन्हा कसं उभं करायचं, याची कृती आहे.

जिथला म्हणजे नेमका कुठला, यातही गंमत आहे. विकणारा ‘ऑस्ट्रेलियन’ म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो. ऑस्ट्रेलियात हा प्राणी आहेच, पण ऑस्ट्रेलिया आपले वन्यप्राणी पाळीव म्हणून विकायला बाहेर जाऊ देत नाही. अमेरिकेतल्या पाळीव ग्लायडरांच्या जनुकांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं मूळ निघालं इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पश्चिम पापुआत, सोरोंग शहराच्या परिसरात. पुढच्याच वर्षी संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या ज्या प्राण्याला सरसकट शुगर ग्लायडर म्हटलं जात होतं त्याच्या तीन जाती केल्या. खरा शुगर ग्लायडर उरला तो पूर्व किनाऱ्याच्या पट्ट्यात. म्हणजे आपण ज्याला त्या नावाने पाळतो, तो बहुधा न्यू गिनीच्या दमट, उबदार जंगलातल्या पूर्वजांचा वंशज आहे. त्याला थंडी का सोसत नाही, हे यावरून थोडं समजायला हरकत नाही.

आता खाण्याकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दवाखान्यातली सगळ्यात वाईट प्रकरणं इथलीच असतात.

जंगलात ग्लायडर वर्षभर एकच एक खात नाही. उन्हाळ्यात किडे भरपूर असतात तेव्हा पतंग, भुंगेरे, कोळी. थंडीत किडे आटले की अकेशियाचा डिंक, निलगिरीच्या सालीला खाच पाडून चाटलेला रस, फुलांतला मध, पराग, आणि पानांवरच्या किड्यांनी सोडलेला गोड चिकटा. डिंक सहज पचत नाही. त्यासाठी त्याच्या आतड्याला एक लांब, बंद टोकाची पिशवी आहे, तिथे जीवाणू डिंक आंबवतात आणि मग त्यातून शक्ती मिळते. म्हणजे ज्याला आपण ‘गोडखाऊ’ म्हणून हाताळतो, त्याच्या पोटाची घडण मुळात डिंक आणि किडे यांसाठी झाली आहे. पिकलेल्या फळाचं स्थान त्यात फार छोटं.

अकेशिया म्हणजे आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड, आणि इथे मराठी घराला एक आयती सोय आहे. अमेरिकेतले लोक डिंकाची पूड टपालाने मागवतात; आपल्याकडे ती थंडीत लाडवांसाठी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळते. फक्त डिंक डिंकात फरक असतो. दुकानदाराच्या बरणीत बाभळीचा असेल, धावड्याचा असेल, खैराचा असेल. कतीरा तर आणखी वेगळ्या झाडाचा. लाडवाला यातला बराचसा चालून जातो. ग्लायडरला बाभळीचाच द्यावा, बारीक पूड करून, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून. आणि वाटीत देण्यापेक्षा लाकडाच्या फांदीला बारीक भोकं पाडून त्यात भरावा. वाटीतला डिंक तो मिनिटभरात संपवतो. फांदीतला खरवडायला त्याला बराच वेळ लागतो, आणि तो वेळ त्याच्यासाठी खाण्याइतकाच मोलाचा आहे. ही फांदीची युक्ती लेखिकांची. माझ्या दवाखान्यात मी ती आता सगळ्यांना सांगतो.

एक नर आला होता, ऐन तारुण्यातला. मागचे दोन्ही पाय ओढत होता. घरच्यांना वाटलं, उडी चुकून पडला असेल. एक्स-रे काढला तेव्हा हाडांची कड शोधावी लागत होती. मांडीचं हाड आणि भोवतीचं मांस यांच्या सावल्या जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. कण्याचा एक मणका दबला होता. खाणं विचारलं. सकाळी केळं, संध्याकाळी सफरचंद, वर थोडा मध, रात्री मक्याचे कोवळे दाणे कारण ते त्याला फार आवडतात, आणि अधूनमधून मीलवर्म नावाच्या अळ्या. यात कुणी काहीच वाईट दिलेलं नव्हतं. उलट कौतुकाने दिलं होतं.

हिशेब असा आहे. शंभर ग्रॅम केळ्यात कॅल्शियम सुमारे 5 मिलिग्रॅम, फॉस्फरस 22. सफरचंदात 6 आणि 11. मक्याच्या दाण्यांत 2 आणि 89. मीलवर्ममध्येही फॉस्फरसच कितीतरी जास्त. ग्लायडरच्या ताटात मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट लागतं. ताट महिनोन्‌महिने असं उलटं राहिलं, की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःची हाडं उकरायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. प्राणी खातो, खेळतो, गुबगुबीतही असतो. मग एका रात्री साधी उडी मारतो आणि पाय जातात. वेळेत कळलं, तर कॅल्शियम, विश्रांती आणि बुटका पिंजरा यांच्या जोरावर काही जण सावरतात. हा नर चालायला लागला, पण पुन्हा झेपावला नाही.

आता हे आकडे वाचून कुणीतरी रोज नुसती पपई द्यायला निघेल, कारण पपईत ते प्रमाण 20 ला 10 असं छान आहे, आणि अंजिरात 35 ला 14. तसं करू नका. पपईत प्रथिनं जवळजवळ नाहीत. तसंच पालकाचं: कॅल्शियम कागदावर भरपूर, पण पालकातलं ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं. एकेका पदार्थाचा गुण पाहून ताट जमत नाही, म्हणून जगभरचे पाळणारे ठरलेल्या पाककृती वापरतात. त्यातली एक जुनी कृती म्हणजे लेडबीटर मिश्रण. लेडबीटर पॉसम नावाच्या एका ऑस्ट्रेलियन प्राण्यासाठी ती बनली आणि तिथून ग्लायडरकडे आली: मध, उकडलेलं अंडं, बाळांचं तयार धान्यपीठ, पाणी आणि जीवनसत्त्वं-खनिजांची पूड. तिचे पुढे अनेक फाटे फुटले, आणि फाट्याफाट्यांच्या अनुयायांत जी भांडणं होतात ती पाहिली की आपल्या पुरणपोळीत गूळ की साखर या वादाला मी सौम्य म्हणेन. लेखिकांनी शहाणपणाने कुठल्याच पंथाची माळ घातलेली नाही. त्यांचं म्हणणं एवढंच: तपासलेली एक कृती निवडा, ग्रॅमवर मोजून तीच करा, आणि दोन कृतींतलं आवडेल ते उचलून तिसरी बनवू नका, कारण तिथेच प्रमाण ढासळतं. यावर डॉक्टर म्हणून मी सही करतो.

पावसाळ्याबद्दल पुस्तकात एक छोटा परिच्छेद आहे, तो वगळून पुढे जाऊ नका. किडे घरी वाढवणारे त्यांना शेंगदाण्याचा भुगा किंवा मका घालतात. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये दाण्यांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. त्या बुरशीचं विष किड्यातून ग्लायडरच्या यकृतात जातं. दाणा वासाला जरा कुबट लागला, तरी तो किड्यांनाही घालू नये.

सोबतीचं प्रकरण मला स्वतःला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच विक्रेत्यांना नकोसं असतं. रानात एका ढोलीत सातेक मोठे ग्लायडर आणि त्यांची पिल्लं एकत्र झोपतात. ढोलीत पानांचं अंथरूण घालतात, आणि ती पानं शेपटीत गुंडाळून आणतात. सगळ्यांच्या अंगाला एकच वास असतो. मोठ्या नराच्या डोक्यावर मधोमध जो टकलासारखा चौकोनी डाग दिसतो, ती वासाची ग्रंथी. ती तो इतरांच्या छातीवर घासतो, आणि आपला कोण, परका कोण, हे अंधारात त्यावरून ठरतं. अनेकांना हा डाग म्हणजे केस गळण्याचा रोग वाटतो आणि ते मलम मागतात. मी मलम देत नाही, अभिनंदन करतो. मुलगा वयात आला.

असा प्राणी एकटा ठेवला तर काय होतं, ते सांगायला बरं वाटत नाही. आधी नुसतंच एका जागी गोल फिरणं. मग अंग चाटत राहणं. मग शेपटीचं टोक, पाय, नरांत तर जननेंद्रियही चावून जखमा करणं. मी टाके घातले की तो टाके काढतो. गळ्याभोवती कॉलर बांधली की तो खाणं सोडतो. जखम शिवता येते, तिचं कारण शिवता येत नाही. तरीही बाजारात सर्रास सांगितलं जातं, ‘एकटा ठेवा, म्हणजे तुमच्याशी जास्त जुळेल.’ तो तुम्हाला चिकटतो हे खरं. दुसरं कुणी नाही म्हणून चिकटतो, आणि तुम्ही रात्री आठ तास झोपता.

दोन ठेवायचे तर नर-मादी ठेवली की पिल्लं होणार, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय नराचं खच्चीकरण. मादीची शस्त्रक्रिया पिशवीमुळे आणि तिच्या शरीराच्या आतल्या रचनेमुळे फार अवघड, म्हणून ती आम्ही टाळतो. नराची मात्र अनुभवी हातात छोटी असते. त्यानंतर डोक्यावरचा डाग भरून येतो आणि वासही बराच कमी होतो, हा घरच्यांसाठी वरचा फायदा.

पिल्लांचंही थोडं सांगतो, कारण वयाबद्दल खूप फसवणूक चालते. गर्भ पोटात राहतो जेमतेम सोळा दिवस. जन्माच्या वेळी पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं, वजन 0.2 ग्रॅम. ते स्वतः सरकत पिशवीत जातं आणि साधारण सत्तर दिवस तिथेच राहतं. त्यामुळे जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते. पाळणारे वय मोजतात ते पिशवीतून बाहेर आल्यापासून. जोई, म्हणजे पिल्लू, बाहेर आल्यावर किमान आठ आठवडे आईबापांजवळ राहायला हवं. बाप त्याला उबवतो, सांभाळतो. या प्राण्यात तो नुसता नावाचा बाप नाही. विक्रेता ‘तीन महिन्यांचं’ म्हणतो तेव्हा तो कुठून मोजतोय हे विचारा. पिशवीतले दिवस धरून मोजत असेल, तर ते पिल्लू अजून आईच्या दुधावरचं आहे.

रात्रीविषयी. ग्लायडर अंधार पडल्यावर उठतो आणि खरा भरात येतो ते तुम्ही दिवे मालवल्यानंतर. मध्यरात्री दोनला तो छोट्या कुत्र्यासारखा भुंकूही लागतो, एकसुरी, दम न खाता, कधी दहा मिनिटं. पिंजरा बैठकीत असेल आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची झोपायची खोली असेल, तर सोसायटीच्या मीटिंगला तयार राहा. याच्या उलट दुपार. पाहुणे आले, मुलं म्हणाली दाखवा ना, आणि आपण झोपलेल्या थैलीत हात घातला. थैलीतून जो आवाज येतो त्याला पाळणारे क्रॅबिंग म्हणतात: चढत जाणारी, करकरीत, त्याच्या आकाराला अजिबात न शोभणारी किरकिर. पाहुणे हसतात. तो घाबरून ओरडत असतो. दर रविवारी दुपारी हे होत असेल, तर तो तुमच्या हातावर कधीच विश्वास ठेवणार नाही.

विश्वास बसवण्याची जी रीत लेखिकांनी दिली आहे, ती संथ आहे आणि म्हणूनच चालते. दिवसा तो झोपलेला असताना थैली तुमच्या गळ्यात. तुम्ही लॅपटॉपवर काम करा, भाजी निवडा, तो तुमचा वास घेत झोपतो. संध्याकाळी छोट्या तंबूत तुम्ही आणि तो, तुम्ही नुसतं बसायचं. पकडायचं नाही. तो अंगावर चढेल, चावेल, तुमच्या केसांत शिरेल. कुणाचं काही आठवड्यांत जुळतं, कुणाला महिने लागतात. चावल्यावर हात झटकून मागे घेतला, की त्याला कळतं की चावलं की हे हटतात, आणि तो धडा तो विसरत नाही.

तापमानाचं थोडक्यात. 24 ते 27 अंश सेल्सियस त्याला मानवतं. पुण्या-नाशकातल्या डिसेंबरच्या रात्री उघड्या गॅलरीत पिंजरा ठेवला, तर तो सुप्तावस्थेत जाऊ शकतो: अंग गार, श्वास दिसेल न दिसेल असा, हाक मारली तरी हालचाल नाही. काही घरांत असा जिवंत प्राणी मेला समजून पुरायच्या तयारीत होते. त्याला गरम पाण्यात घालू नका, ड्रायर लावू नका. शर्टाच्या आत छातीशी धरा आणि हळूहळू ऊब येऊ द्या, आणि लगेच डॉक्टरांकडे या, कारण थंडीने ही अवस्था आली असली तरी तिच्यामागे उपासमार किंवा शरीरातलं पाणी कमी झाल्याचं कारण असू शकतं. विदर्भात प्रश्न उलटा. मे महिन्यात बंद खोली 40 च्या पुढे गेली, तर काही तासांत जीव जातो. कूलरची थेट हवाही नको, खोली गार हवी.

पिंजऱ्याची मापं, दोन गजांमधलं अंतर, चाक कसलं घ्यावं, हे सगळं पुस्तकात आकृत्यांसह आहे. मी दोनच गोष्टींवर बोट ठेवतो. एक, उंची. लोक पोपटाचा रुंद पिंजरा आणतात; याला उभा हवा, कारण त्याचं जग खोडावर वर-खाली आहे. गजांमधलं अंतर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर पिल्लू बाहेर आलंच म्हणून समजा. दुसरी गोष्ट, धागे. शिवलेल्या थैलीचा एक सुटा धागा बोटाभोवती किंवा नखात गुरफटतो, तो ओढत राहतो, आणि सकाळी बोट काळं पडलेलं असतं. थैली उलटी करून शिवणी तपासणं हे रोजचं काम आहे. घरात मोकळा सोडाल तेव्हा पंखा बंद, कमोडचं झाकण खाली, आणि बाथरूममधली भरलेली बादली रिकामी. त्या बादलीचा उल्लेख एकाही परदेशी पुस्तकात मला सापडला नाही. आपल्याकडे मात्र ती प्रत्येक घरात आहे.

स्वच्छतेबद्दल लेखिकांनी जे लिहिलं आहे ते वाचून काही गृहिणींना धक्का बसेल: सगळा पिंजरा एकाच दिवशी धुऊ नका. थैल्या धुतल्यात, तर फांद्या राहू द्या. आपला वास सगळीकडून पुसला गेला की नर पुन्हा सगळीकडे खुणा करतो, आणि घर आधीपेक्षा जास्त वास मारतं.

कायद्याचं प्रकरण लेखिकांनी मोजकंच ठेवलं आहे, आणि तेवढंच योग्य. आपल्याकडची उडणारी खार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. ती पाळणं गुन्हा आहे, आणि ‘ग्लायडर’ म्हणून कुणी तिचं पिल्लू विकत असेल, तर ते घेणाराही गुन्हेगार. शुगर ग्लायडर हा परदेशी प्राणी. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स यादीत तो नाही, त्यामुळे 2022 च्या दुरुस्तीने त्या यादीतल्या प्राण्यांसाठी आलेली नोंदणी त्याला लागू होत नाही. पण परदेशातून प्राणी आणायला परवाना लागतो, आणि दुकानाची नोंदणी 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे असायला हवी. पावती मागा. ती देता येत नसेल, तर तो प्राणी कुठून आला हे दुकानदारालाही सांगायचं नाही, असं समजा. अमेरिकेतही कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत तो पाळायला बंदी आहे, हे आपल्याकडच्या पुष्कळांना माहीत नसतं.

आणि नकोसा झाला म्हणून झाडावर सोडून देणं हा तर विचारही नको. टास्मानिया बेटावर ग्लायडर मूळचा नव्हता. 1835 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून लॉन्सेस्टन गावी लोकांनी हौसेने तो पाळायला आणला, काही निसटले. आज तिथल्या स्विफ्ट पॅरट या नामशेष होत चाललेल्या पोपटाच्या ढोलीत रात्री शिरून ग्लायडर अंडी, पिल्लं आणि अंड्यांवर बसलेली मादी खातात. थैलीत बोट चाटणारा याच गोतातला.

लेखिकांशी माझा एक मतभेद आहे आणि तो त्यांच्या संमतीनेच इथे नोंदवतो. पुस्तकात प्रजननावर आणि रंगांवर एक अख्खं प्रकरण आहे. पांढरा ल्युसिस्टिक, ठिपक्यांचा मोझेइक, यांच्या किमती साध्या राखाडीच्या कितीतरी पट, आणि त्या रंगांसाठी भावंडांचे जोडे लावले जातात. लेखिका वंशावळीच्या नोंदी काटेकोरपणे ठेवतात, हे मी पाहिलं आहे. पण आपल्याकडे बहुतेक ग्लायडर कुठून आले याचीच नोंद नाही, मग आजोबा कोण हे कशावरून ठरवणार? माझ्या मते घरी पाळणाऱ्याने प्रजननाच्या वाटेला जाऊच नये. नराला आणा, शस्त्रक्रिया करून घ्या. लेखिकांचं उत्तर असं, की लोक करणारच आहेत, तर निदान नीट करू देत. प्रकरण राहिलं. वाचकाने दोन्ही बाजू ऐकाव्यात.

त्यापेक्षा मला त्यांची वजनाची सवय जास्त पटली. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर रिकामी थैली, आकडा शून्यावर आणायचा, मग प्राण्यासकट थैली. दर आठवड्याला एकाच दिवशी. 110 ग्रॅमच्या प्राण्याचं वजन दहा ग्रॅमने उतरलं, तर ते साठ किलोच्या माणसाचं साडेपाच किलोने उतरण्यासारखं आहे, आणि ते नुसतं पाहून कळत नाही. वहीत लिहिलेला तो उतरता आकडा घेऊन कुणी माझ्याकडे आलं, की माझं निम्मं काम झालेलं असतं.

नीट सांभाळला, तर हा प्राणी दहा-बारा वर्षं जगतो. दहावीच्या सुट्टीत हट्ट करून आणणारा मुलगा तोवर दुसऱ्या शहरात नोकरीला लागलेला असतो, आणि मिश्रण ढवळत, रात्री अकराला ताट भरत आई बसलेली असते. म्हणून लेखिका जोई देण्याआधी घरातल्या मोठ्यांना समोर बसवून विचारतात: पाच वर्षांनी याचं रात्रीचं ताट कोण भरणार, आणि तुम्ही गावाला गेलात तर हा कुठे राहणार? यात मी माझा एक प्रश्न घालतो. तुमच्या शहरात ग्लायडर हातात धरलेला, त्याला भूल देता येणारा डॉक्टर कोण आहे, आणि तो रात्री फोन उचलतो का? त्याचं नाव आणि नंबर या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहा. ते पान त्यासाठीच सोडलं आहे. पिंजऱ्याची ऑर्डर त्यानंतर.